दिगूमामांचा बिल्ला

दिगूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हदगावच्या बसस्थानकावर उभा होतो. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न उरकून नांदेडला परत निघालो होतो आणि बस नेहमीप्रमाणे लागलेली नव्हती. मामी एरवी फोन हातात धरत नाहीत. शेजारचं कुणीतरी बोलतं आणि त्या मागून ओरडून सांगतात. त्या दिवशी मात्र त्यांनीच फोन कानाला लावला होता. "गेले बाबा तुझे मामा," म्हणाल्या, आणि मग, "सकाळी च्या पिले. टावेलाची घडी घालून ठिवली. आन् बसल्या जागी…" पुढचं ऐकू आलं नाही, भोंग्यावर कसली तरी घोषणा सुरू झाली होती. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, दोन वर्षांपासून थकलेला. धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. पण नांदेडला उतरून लातूरच्या गाडीत बसलो तेव्हा एकच विचार डोक्यात घुमत होता, की आता अर्ज कुणासाठी लिहायचा? चौतीस-पस्तीस वर्षांत मी त्यांच्यासाठी अकरा अर्ज लिहिले. विषय दर वेळी एकच, 'युद्धकाळातील सेवेबद्दल वैद्यकीय बिल्ला मिळणेबाबत'. बारावा अर्ध्यावर होता, माझ्या नांदेडच्या टेबलावर.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. मुखेडजवळच्या गावातलं कोरडवाहू शेतीचं घर. पोरगा शेतात कमी आणि लग्नाच्या बँडमागे जास्त, म्हणून आजोबांनी दोनदा चोपलं. तिसऱ्यांदा चोपायच्या आत तो भरतीला गेला आणि फुंक चांगली म्हणून पलटणीच्या बँडात लागला. एकाहत्तरच्या लढाईनंतर मामा सुट्टीवर आले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. पारावर गाव जमलं. कुणीतरी विचारलं, "काय दिगंबर, किती मारले?" मामा म्हणाले, "मी न्हाई मारले. आमी आणायचो." "काय आणायचे?" "मानसं." मग माझे वडीलच, म्हणजे मामांचे मेव्हणे, थट्टेचा हक्क त्यांचाच, म्हणाले, "अवो, आमचे पाव्हणे बँडात हायेत. तिकडं लढाई चालू आन् ह्ये मागून पिपाणी वाजवून राहिले!" सगळा पार हसला. मीही हसलो. मामा उठून घरात गेले. तेव्हापासून गावात त्यांचं नाव 'वाजंत्री' पडलं ते कायमचं. पुढं पोरगी बघायला गेले तर तिथंही कुणीतरी विचारलंच, की लढाईत कोणतं गाणं वाजवलं.

खरी गोष्ट मला कळायला पंधरा वर्षं जावी लागली, आणि तीही मामा सैन्यातून निवृत्त होऊन लातुरात राहायला आले म्हणून. लढाई लागली की बँडाची वाद्यं पेटीत बंद करून स्टोअरला जमा होतात आणि वाजवणाऱ्यांच्या हाती स्ट्रेचर दिलं जातं. दंडावर लाल क्रॉसची पट्टी बांधायची, पलटणीच्या डॉक्टरनं चार दिवसांत शिकवलं तेवढं लक्षात ठेवायचं आणि गोळीबार चालू असताना पुढं जाऊन पडलेला माणूस उचलून आणायचा. हातात हत्यार नाही. गुडघाभर चिखलाची भातखाचरं, वर पाठीवर नाही तर स्ट्रेचरवर माणूस. आपल्याकडचाच माणिकराव, औसा तालुक्यातला, त्याचा पाय सुरुंगावर पडून गुडघ्याखाली गेला. त्याला मामांनी आणि एका साथीदारानं दीड कोस आणलं. वाटेत साथीदार पडला तेव्हा उरलेली वाट मामांनी एकट्यानं, माणिकला पाठीवर घेऊन… हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आणि ती पट्टी? मी विचारलं, "जपून ठेवली का नाही?" मामा माझ्याकडं मूर्खाकडं बघावं तसं बघत म्हणाले, "सरकारी माल. जमा केला. सही घेतली त्यांनी." सगळी पलटण आठवण म्हणून काहीबाही पिशवीत घालून आणत होती, आणि आमच्या मामांनी स्वतःचा एकुलता एक पुरावा सही करून परत दिला. असल्या प्रामाणिकपणाला काय म्हणावं, मला आजही कळत नाही.

बिल्ल्याचं खूळ डोक्यात शिरलं ते लातुरातल्या माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात. शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या कोटावर वैद्यकीय सेवेचा बिल्ला चमकत होता. बोलता बोलता कळलं की त्यांची सगळी नोकरी छावणीच्या इस्पितळात औषधाच्या खोलीत गेली. मामा तसेच माझ्याकडं नांदेडला आले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणजे घराण्यातला सरकारी पत्रव्यवहार माझ्याच गळ्यात. "मला पैसा नको, पेन्शन वाढवून नको," म्हणाले. "त्यो बिल्ला द्या, आन् माझ्या नोकरीच्या बुकात एक ओळ लिवा म्हणावं, की ह्यो मानूस जखमी मानसं आणत होता. बास." मी झकास इंग्रजीत अर्ज लिहिला. चार महिन्यांनी उत्तर आलं : नोंदीनुसार आपला ट्रेड, म्हणजे कामाचा वर्ग, 'बँड' असल्याने सदर बिल्ला देता येत नाही, तथापि पलटणीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र किंवा सोबत असलेल्या सैनिकाचे प्रतिज्ञापत्र जोडल्यास विचार होईल. डॉक्टर वारले होते. तो साथीदार चिखलातच राहिला होता. उरला एक माणिकराव. दोन वर्षं पत्रापत्री करून तो सापडला आणि सही द्यायला एका पायावर तयार झाला. हे शब्द त्याचेच. स्वतःच्या पायाची थट्टा त्याच्याइतकी कुणी केली नसेल.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुठं बोललो नाही. माणिकरावाचं प्रतिज्ञापत्र मी नांदेडला स्टॅम्पपेपरवर टाईप करून घेतलं होतं. फक्त त्याच्या गावी जायचं, जीपनं त्याला औशाला न्यायचं, मजकूर समजावून सांगायचा आणि नोटरीसमोर सही. मामांचा निरोप आला, "परवा येतोस का?" गणपती बसलेले होते आणि मी गल्लीच्या मंडळाचा सेक्रेटरी. आरास आमची, मिरवणूक आमची, माझ्यावाचून सगळं अडणार असा माझा समज. मी उलट निरोप धाडला : विसर्जन होऊ द्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघतो. वीस वर्षं थांबलेल्या कामाला दहा दिवसांनी काय होतंय… विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची ती पहाट मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. भूकंपाच्या बातम्या सकाळी रेडिओवर लागल्या तेव्हा माझी पिशवी भरलेली होती आणि कागद पिशवीत होता.

गाड्या बंद, रस्ते तुंबलेले. माणिकरावाच्या गावी मी पोचलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. गाव म्हणावं असं काही उरलं नव्हतं, दगड-मातीचे ढीग आणि त्यावर चढलेली माणसं. मामा आदल्या दिवशीच लातुराहून ट्रकनं आले होते. एक निखळलेलं दार त्यांनी स्ट्रेचर केलं होतं आणि गावातल्या तिघांना हाताशी धरून माणसं उतरवत होते. मला बघून थांबले. "माणिकला कालच काढलं," म्हणाले. "लाकडी पाय काढून उशाशी ठिवून झोपला असंल. पळाया पाय कुठला… मीच आणला त्याला खाली." म्हणजे दुसऱ्यांदा. मला खूप काही बोलायचं होतं, बोललो काय, तर "मामा, कागद आणलाय." इतकं नालायक वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. मामांनी धुळीचा हात धोतराला पुसला, पण कागद घेतला नाही. "नीट ठिव," म्हणाले, आणि दाराचं एक टोक धरायला वळले. त्यानंतर बत्तीस वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की त्या दहा दिवसांत तू का आला नाहीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी सैन्याची तुकडी आली. दंडावर लाल क्रॉस असलेला एक जवान मामांना म्हणाला, "बाबा, आप हटिए, ये हमारा काम है." मामा मुकाट बाजूला झाले. जवानानं आणि त्याच्या जोडीदारानं एका बाईला उचललं, घाईत डोकं पुढं करून उताराला लागले. मामांच्यानं राहवलं नाही. "पैर आगे रखो बेटा, सर पीछे. उसको रास्ता दिखना मंगता." जवान थबकला, स्ट्रेचर फिरवून घेतलं, मग मागं बघून म्हणाला, "आप मेडिकल में थे?" मी मामांकडं बघत राहिलो. होय म्हणाले असते तर तिथं कोण तपासणार होतं? मामा म्हणाले, "नहीं. बँड में था." जवान हसला. चेष्टेनं नव्हे, पण हसला.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात घडलं असं काही नाही. साक्षीदाराविना अर्ज जात राहिले, तेच उत्तर वेगवेगळ्या सह्यांनी येत राहिलं. लातूर मात्र ओळखू न येण्याइतकं बदललं. गल्लोगल्ली क्लासेस, निकालाचे फलक आणि डॉक्टर व्हायला निघालेली खेड्यापाड्यातली पोरं. मामा अशाच एका क्लासच्या मुलींच्या वसतिगृहावर वॉचमन झाले. एजन्सीनं निळा सदरा दिला, छातीवर पितळी बिल्ला. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मामा म्हणाले, "बघ, मिळाला." आणि आम्ही दोघं हसलो. तिथंच देवणीकडची एक मुलगी जिन्यावरून पडली. पाय मोडलेला, बाकीच्या पोरी, सगळ्या होऊ घातलेल्या डॉक्टर, किंचाळत उभ्या. मामांनी दोन लाकडी पट्ट्या आणि एक ओढणी मागितली, पाय बांधला आणि तिला बोलण्यात गुंतवून रिक्षात घातलं. हाडाच्या डॉक्टरांनी बांधणी पाहून विचारलं, हे कुणी केलं? आणि केसपेपरवर लिहिलं, की वॉचमननं पाय योग्य रीतीनं बांधून आणला आहे. मामांनी त्याची झेरॉक्स काढून मला पोस्टानं पाठवली. सोबत चिठ्ठी : 'डाक्टरनं लिवून दिलं. जोडून दे.' मी जोडलं. काय उत्तर आलं ते सांगायला नको. त्या मुलीचाही पुढं मेडिकलला नंबर लागला नाही, ती गावी परत गेली म्हणे.

शेवटची भेट दिवाळीतली. मामांचे हात थरथरायला लागले होते, तरी मला निरोप देताना त्यांनी फाईल काढली. सगळे अर्ज, सगळी उत्तरं, माणिकरावाचं सही नसलेलं प्रतिज्ञापत्र, वर बँडेजची पट्टी बांधलेली. गाठ स्वतः सोडली, स्वतः बांधली. "उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर," तोंडानं म्हणत. "ही गाठ चपटी बसती. जखमी मानसाला टोचत न्हाई." मग म्हणाले, "आवंदा एकदा लिव. शेवटचं." मी हाव म्हणालो. शाळेतनं निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, वेळच वेळ होता, तरी अर्ज अर्ध्यावर राहिला. माझ्या हातून त्यांचं काम राहून जाण्याची ही दुसरी खेप.

दिवस झाल्यावर मामींच्या पेन्शनचे कागद करायला पुन्हा लातूरला गेलो. मामा ज्या खुर्चीत गेले तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल तसाच होता, प्रथमोपचाराच्या बँडेजसारख्या त्रिकोणी घडीचा. ते रुमालापासून चादरीपर्यंत सगळ्याची घडी तशीच घालायचे. मी फॉर्म भरायला बसलो. नाव, नंबर, हुद्दा… आणि पुढचा रकाना, ट्रेड. कार्यालयातल्या माणसानं आधीच बजावलं होतं, की सगळं रेकॉर्डप्रमाणंच भरा, एक शब्द इकडचा तिकडं झाला तर बाईंचं प्रकरण वर्षभर अडकेल. मग अकरा अर्ज ज्या हातानं लिहिले त्याच हातानं, स्वच्छ अक्षरात, लिहिलं : 'बँड'.

मामींना वाचता येत नाही. त्या समोर चहा घेऊन उभ्या होत्या. "त्ये लिवलं का रे," म्हणाल्या, "त्ये जखमी मानसं आणल्याचं?"

"हाव मामी," मी म्हणालो. "लिवलं."

त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा. लई वाट बघितली त्यांनी."

फाईल मी नांदेडला घेऊन आलो आहे. तो अर्धा अर्जही तिच्यात ठेवला आणि पट्टी बांधायला घेतली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, तसंच केलं. चार वेळा केलं. गाठ चपटी बसत नाही, वर उभीच राहते.