आक्कानं फोडलेली चूल

धामणगाव बढ्याहून फोन आला की आधी ऐकू यायची ती मशीनची घरघर. माझा भाचा गजानन बोलायला लागायच्या आत, त्याच्या आवाजामागून ती यायची. माझ्या मोठ्या बहिणीच्या, आक्काच्या खाटेशेजारी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या मशीनची. गेलं वर्षभर त्या घराशी जे काही बोलणं झालं ते त्या घरघरीवरूनच झालं. त्या सकाळी बुलडाण्याला मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण तसाच होता. फोन उचलला. गजानन "मामा" म्हणाला आणि थांबला. त्याच्यामागे काहीच वाजत नव्हतं... पुढचं वाक्य त्याला बोलावंच लागलं नाही.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. आई शेतात जायची तेव्हा मला कडेवर तिनंच वागवलं. लग्न होऊन ती धामणगावला गेली आणि माझ्या दिवाळ्या तिच्या घरी व्हायला लागल्या. ती आठवते ती चुलीपुढेच. मागची ठेंगणी खोली, खिडकी नाही, धूर जायला म्हणून छपराचं एक कौल सरकवलेलं, आणि त्या कौलापर्यंत पोचायच्या आधी धूर सगळ्या खोलीत फिरून यायचा. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, हाताला येईल ते जळण. पावसाळ्यात ते ओलं असायचं, मग आक्का फुंकणी घेऊन फुंकत बसायची, डोळे लाल, पदर नाकाला. हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून ती भरीत करायची आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. भाऊजींचे मोताळ्याचे स्नेही काहीतरी निमित्त काढून नेमके त्याच दिवसांत यायचे. तिच्या भाकरीचं कौतुक सगळ्या गावानं केलं आणि तिनं ते दागिन्यासारखं अंगावर वागवलं. पुढे घरात गॅस आला, तरी त्यावर फक्त चहा व्हायचा. गॅसवरच्या भाकरीला ती भाकर म्हणतच नव्हती.

भाऊजी गेल्यानंतर दोनेक वर्षांनी असेल, मी तिच्याबरोबर मोताळ्याच्या आठवडी बाजारात गेलो होतो. आक्का प्रत्येक दुकानापाशी थांबत होती. बांगड्या बघितल्या, मिरच्या हातात घेऊन परत टाकल्या, दोरखंडाच्या दुकानातही उभी राहिली. मला वाटलं, वय झालं की माणसाला बाजार बघायची हौस येते. मग एका ठिकाणी, जिथे नुसते लोखंडी पत्रे मांडलेले होते तिथेही ती थांबली, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती पत्र्यांकडे बघत नव्हती. कशाकडेच बघत नव्हती. ओठ पुढे काढून, गरम दूध फुंकावं तसा ती श्वास सोडत होती. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाली, सर्दी आहे.

त्या सर्दीला घेऊन शेवटी तिला बुलडाण्याला माझ्याकडे यावं लागलं. डॉक्टरांनी तिला एका नळीत फुंकायला लावलं. जन्मभर फुंकणी फुंकलेली बाई, पण त्या नळीत तिचा श्वास अर्ध्यातच संपला. बिडी ओढता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिला रागच आला. मग त्यांनी विचारलं, चुलीवर किती वर्षं रांधता. "लग्नाच्या आंधीपासून," आक्का म्हणाली, आणि डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. आजाराचं नाव त्यांनी इंग्रजी अक्षरांत सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, फुप्फुसाचं जे गेलं ते परत येणार नाही, जे उरलंय ते जपा. तोंडात ओढायचा पंप दिला. पंप एकदा लागला की सुटत नाही असं गावात सगळेच म्हणतात, म्हणून आक्का तो उशीखाली लपवायची आणि अगदीच गळ्याशी आलं की भिंतीकडे तोंड करून घ्यायची. धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. चूल सुनेकडे गेली, आक्का पुढच्या खोलीत आली. पण त्या घराला दार एकच, आणि धूर पुढच्या खोलीतूनच बाहेर जायचा.

हा आजार माणसाला एकदम नेत नाही. आधी त्याचं गाव नेतो. आक्काचं शेत सुटलं, मग देऊळ सुटलं, मग शेजारची ओसरी. लग्नघरी जिच्यावाचून हळद फुटत नसे, ती आमंत्रण आलं की कुणाच्या तरी हाती आहेर पाठवून द्यायची. नंतर नंतर वेणी घालायला हात वर केले तरी धाप लागायची, म्हणून सून सुनंदा तिची वेणी घालायची. घास घ्यावा की श्वास घ्यावा, हेही ठरवावं लागायचं. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून पाठीला गोधड्यांची चळत लावून ती बसल्या बसल्या झोपायची. सोयाबीन निघालं की गावाकडेला मळणी यंत्रं सुरू व्हायची आणि भुशाची पिवळी धूळ घराघरात शिरायची. ते दिवस आक्का दार लावून, तोंडाला ओलं फडकं धरून काढायची, आणि दर वर्षी त्या दिवसांतून उठताना आधीपेक्षा थोडी कमी उठायची. शब्दही कमी झाले. एकदा मी नुसता तिच्याजवळ बसलो होतो. माणसं येत होती, चहा पीत होती, पावसापाण्याचं बोलत होती. ती माणसं निघून गेल्यावर आक्का एकेक शब्द तोडत म्हणाली, "पाण्यात बुडून राह्यल्यावानी वाटते, बापू. अन् काठावर सारे उभे राहून चाय पिऊन राह्यले."

मशीन आली तेव्हा वाटलं, आता जरा बरं होईल. काही दिवस झालंही. पण मग घर विजेला बांधलं गेलं. भरदुपारी लाइन जायची, घरघर थांबायची, आणि घरातला प्रत्येक माणूस हातातलं काम ठेवून तिच्या खोलीकडे वळायचा. जवळ एक लहान सिलिंडर असायचा, गजानन तो लावेपर्यंत सुनंदा पुठ्ठ्यानं वारा घालायची. आक्का कुणाकडे बघायची नाही. छपराकडे डोळे लावून, जवळचा श्वास जपून जपून वापरत राहायची, लाइन परत येईपर्यंत.

खाटेवर बसून राहणाऱ्या माणसाला ऐकण्याशिवाय काम नसतं. गेल्या कापसाच्या दिवसांत मी गेलो होतो. सुनंदा मागे भाकरी थापत होती, परातीचा आवाज येत होता, मधेच खोकला येत होता. धुरात बसलेल्या बाईचा खोकला, त्यात नवल काय? आक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आयकलं?"

मी विचारलं, काय.

"तिचा खोकला. हा माहा हाय, बापू. पह्यल्या वर्साचा."

मी तिची समजूत घातली. पण मग मीही कान देऊन ऐकलं. कोरडा, आखूड, तीन-चारदा येऊन थांबणारा, आणि शेवटी घशात काहीतरी अडकल्यासारखा... हाच आवाज मी याच खोलीत पूर्वी ऐकला होता, आणि तेव्हा मला त्यात काहीच ऐकू आलं नव्हतं. आक्कानं सुनेला सांगून पाहिलं, गजाननला सांगून पाहिलं. सुनंदा हसली, म्हणाली, चुलीपुढे कोण नाही खोकलत. गजानन म्हणाला, गॅसची भाकर घशाखाली उतरत नाही. त्याला तरी काय बोलणार? ती चव त्याला आक्कानंच लावली होती.

पुढच्या खेपेला मी दुपारच्या एसटीनं गेलो. गजानन आणि सुनंदा दोघंही कापूस वेचायला शेतात होते. पुढच्या खोलीत मशीन चालू होती आणि खाट रिकामी होती. नळी गोधडीवर पडून फुसफुसत होती. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा आवाज. आक्का चुलीपुढे फतकल घालून बसली होती. मांडीवर खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. ओठ जांभळे पडलेले, केस सुटलेले. एक बत्ता घालायचा, मग डोळे मिटून श्वास गोळा करायचा, मग दुसरा. चुलीची एक बाजू ढासळली होती. तिनंच कधीतरी स्वतःच्या हातानं घातलेली चूल. मी तिला उठवायला वाकलो तर तिनं मान हलवली आणि बत्ता माझ्यापुढे धरला.

"राह्यलेली तू फोड."

मी आधी नळी ओढून आणून तिच्या नाकाला लावली, जेमतेम तिथवर पुरली. मग चूल फोडली. ती भिंतीला टेकून बघत होती. माती आतपर्यंत भाजून विटेसारखी झाली होती, सहजी फुटत नव्हती.

दोघं शेतातून आली. सुनंदा दारात उभी राहिली, मग खाली बसून ढेकळं पदरात गोळा करायला लागली आणि रडली. मले सांगितलं असतं तं, असं काहीसं ती म्हणत होती. आक्का म्हणाली, सांगत तं होती मी. गजाननचा चेहरा उतरला होता. त्यानं एवढंच विचारलं, माय, हे काय केलं.

"माही चव माह्यासंगं जाऊ दे," आक्का म्हणाली.

त्या संध्याकाळी गॅसवरची भाकर सगळ्यांनी खाल्ली. कुणी नाव ठेवलं नाही. आक्कानं कोरभर दुधात कुस्करून घेतली आणि सुनंदाकडून शब्द घेतला की ती बुलडाण्याला येऊन डॉक्टरांच्या त्या नळीत फुंकेल. त्यानंतर आक्का पुन्हा खाटेवरून उतरली नाही. थंडी वाढली, छातीत कफ भरला, एकदा दवाखान्यात नेऊन आणली. थंडी सरत आली तेव्हा एका पहाटे, लाइन असताना, मशीन चालू असताना ती गेली. मशीन बंद करायला कुणाचा हात धजेना, असं गजाननानं मागाहून सांगितलं. शेवटी सुनंदानं केली.

सुनंदानं शब्द पाळला. तिचा श्वास नळीत पुरला, पण पुरता नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. किती वेळेत, ते त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

परवा धामणगावला जाऊन आलो. मागच्या खोलीत गेलो. गजाननानं भिंत फोडून खिडकी काढलीय. चुलीची जागा सारवून सपाट केलीय, भिंतीला दोनदा चुना दिलाय. तरी चुन्याखालून काळं पुन्हा वर येतंय, पुरुषभर उंचीपर्यंत. सुनंदा उभ्यानं गॅसपाशी कणीक मळत होती. खिडकी उघडी होती. सांज होत होती आणि शेजारच्या छपरातून धूर निघून हळूहळू पसरत होता. तिथे नवीन सून आलीय. आमचं बोलणं चालू असताना पलीकडून खोकला आला. कोरडा, आखूड. सुनंदाचे हात परातीत थांबले. मी काहीतरी बोलत होतो, तर तिनं मला हातानं गप्प केलं आणि मान कलती करून ऐकत राहिली... पुन्हा आला. तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि शेजारच्या दाराकडे निघाली.