कुंकवात रुतलेला बोल्ट

माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, राग तोंडाआधी हातात यायचा. ओरडणं नंतर, थोबाडीत आधी. गालावर बोटं उमटली की शाळेत काय सांगायचं ते मला पाठ होतं: दार लागलं. आमच्या बेंगळुरूच्या दोन खोल्यांच्या घराला दारं तरी अशी किती होती! पण मी मेले तरी अप्पांचं नाव घेतलं नसतं.

तर परवाच्या दसऱ्याची गोष्ट. अप्पा आता सत्तरीपलीकडले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, हात थरथरतात, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जन्म सरकारी कारखान्यात यंत्रं उघडण्यात गेला, म्हणून आपल्या जुन्या मोटारीचं इंजिन गॅरेजला द्यायचं नाही, पोर्चमध्ये स्वतःच उघडून बांधायचं, हा हट्ट. तीन महिने गाडी पोट फाडल्यासारखी पडून होती. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारा माझा थोरला भाऊ, अण्णा, शेवटी वैतागला आणि त्यानं गुजरीवाला, म्हणजे भंगारवाला, ठरवला. दसऱ्यापर्यंत इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरलं नाही, तर दुसऱ्या सकाळी गाडी भंगारात. अप्पा तावातावात ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणून बसले. गाडी गेली तर हा माणूस अंथरूण धरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी सासरचा दसरा सोडून माहेरी आले.

सगळं सुटलं होतं. अडला एक बोल्ट. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, त्याच्या तोंडाशी एक चाक असतं. ते दोन बोल्टांनी आवळलेलं, आणि ते काढल्याशिवाय हेड उतरत नाही. डोक्याला आतून सहाकोनी भोक, त्यात अॅलन की घालून फिरवायचं. पहिला बोल्ट शिव्या खाऊन निघाला. दुसरा हलेना.

“धर नीट!” अप्पा खेकसले. दांडा फिरू नये म्हणून मी पाना लावून तो धरला होता. त्यांनी कीवर लोखंडी पाइप चढवला आणि अंगातलं सगळं वजन टाकलं. की सटकली. पाइप माझ्या बोटांवर आदळला आणि कातडी सोलून निघाली.

“तुला धरता येत नाही! अण्णा असता तर—”

आपला तो बाब्या! अण्णा तिकडे गुजरीवाल्याला पत्ता कळवत बसलाय आणि बोटं माझी फुटतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी पाना सोडला नाही.

अप्पांनी हातोडा उचलला. दणादण घाव घालायला लागले, कीवर, बोल्टवर, नेम चुकला की चाकावर. “निघ! निघ रांडेच्या!” शेजारच्या अक्का गच्चीवरून डोकावून आत गेल्या. बाहेर रस्त्यावर आदल्या दिवशी गाड्यांची दृष्ट काढून फोडलेले कोहळे कुंकवानं लालभडक होऊन पडले होते, आणि पोर्चमध्ये आमचं हे. आणखी चार घाव बसले असते तर हेडच तडकलं असतं, गुजरीवाल्याचं काम सोपं.

“थांबा!” मी ओरडले. मोबाइलचा उजेड पाडून बोल्टच्या भोकात पाहिलं. कडा झिजल्या होत्या. आणि तळाशी काहीतरी लाल, घट्ट बसलेलं. आईच्या शिवणाच्या डब्यातलं दाभण आणून उकरलं, तर कुंकवाचा वाळलेला गोळा निघाला आणि त्यात तांदळाचे दोन दाणे.

खंडेनवमी! आदल्या दिवशी अप्पांनी पाने, हातोडे, इंजिन, सगळं पुजलं होतं. एकही बोल्ट उपाशी राहायला नको म्हणून प्रत्येकाला ओलं कुंकू, वर अक्षता. मग दसरा उजाडेपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही, त्यामुळे ते रात्रभर आत वाळून दगड झालं. की आत जातच नव्हती, नुसत्या कडा खात होती.

“तुम्हीच अडवलाय हा, अप्पा,” मी म्हटलं. “तुमच्या भक्तीनं!” आणि हसले. हसायला नको होतं, पण हसले.

हात उठला. तोच, ओळखीचा.

या वेळी मी तो वरच धरला. मनगट आवळलं, बोल्ट आवळावा तसं. चाळीस वर्षांचा राग बोटांत उतरला होता, सोडवेना. मोडून टाकावं असं वाटलं, खरंच वाटलं. अप्पा हळूच म्हणाले, “स्वल्प सोड गं. दुखतंय.”

दुखतंय हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी सोडलं. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि उजेड धरला. मी की ठोकून तळाशी बसवली. पाना त्यांनी दुसऱ्या हातानं दाबला, मी पाइपला लोंबकळले. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि बोल्ट सुटला.

आई कॉफी घेऊन बाहेर आली. अप्पांच्या मनगटावर चार बोटं काळीनिळी उमटली होती. त्या गोळ्यांनी लगेच उमटतं.

“अगं बाई, हे काय झालं?”

मी हातातली की पुसायला लागले.

“पाना लागला,” अप्पा म्हणाले आणि बाही खाली ओढली.