गुंजीचं वजन

गोदामात धान्याची पोती तोलणाऱ्या मापाड्याच्या अंगातच वजन मुरलेलं होतं. पोतं नुसतं हलवून तो आकडा सांगे आणि काटा त्या आकड्याला मान देई. हमाल चेष्टा करत, "यानं लग्नाआधी बायकोही तोलून घेतली असेल." तो म्हणे, "तिनंच मला तोललं. कमी भरलो, तरी ठेवून घेतलं." नमुने तोलायला त्याच्याकडे एक लहान तराजू होता. रोज सकाळी त्याच्या पारड्यात तो गव्हाचा एकच दाणा टाकून बघे. पारडं हललं तर तराजू जिवंत.

मुलगी झाली ती जेमतेम दोन किलोची, म्हणून तिचं नाव पडलं गुंजी. ती दोन वर्षांची असताना तिच्या आतड्याला पीळ पडला आणि शेवटाकडचा हातभर भाग कापून काढावा लागला. घरी सोडताना सर्जन दोन गोष्टी बोलले. एक, जो भाग गेला तिथूनच बी-बारा हे जीवनसत्त्व अंगात शोषलं जातं. आता कितीही चांगलं खाल्लं तरी ते मिळणार नाही, तेव्हा दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, तेही जन्मभर. दुसरी, वजनावर लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट मापाड्याच्या भाषेतली होती. तीच त्याने धरून ठेवली. दर रविवारी, गोदाम बंद असताना, तो लेकीला पोत्यांच्या काट्यावर उभी करी आणि भिंतीवर खडूने आकडा लिही. आकडे चढत गेले. इंजेक्शनच्या दिवशी मात्र गुंजी घास गिळत नसे, दवाखान्याच्या दारात आईला घट्ट मिठी मारून ओरडे. ती चार वर्षांची झाली तेव्हा तो बायकोला म्हणाला, "पोर छान बाळसं धरतेय. कशाला उगाच भोसकायचं तिला?"

"अहो, जन्मभर म्हणालेत ते."

"काटा खोटं बोलत नाही."

"तुमच्या काट्याला आतलं दिसतं का?"

तो हसला. तिलाही पोरीचं रडणं सोसत नव्हतंच. इंजेक्शनचं कार्ड कपाटात कपड्यांखाली गेलं.

चार वर्षं काही झालं नाही. मग गुंजीच्या पायातली चप्पल वाटेत गळून पडू लागली. ती एकाच चपलेने घरी येई.

"पाय कुणाचे उसने आणलेस का?" तो रागावला.

"मला कळतच नाही बाबा, कधी पडते ते."

त्याला तो बहाणा वाटला. पण तिची जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली होती आणि अंधाऱ्या जिन्यात ती पायरी पायरी बसून उतरे. शेवटी अक्षर बिघडलं, तेव्हा वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली : हिला डॉक्टरांना दाखवा, ही आळशी मुलगी नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन दांड्यांचा एक लोखंडी नादकाटा आपटून झणझणता केला आणि तिच्या घोट्यावर टेकवला. "थरथर थांबली की सांग हं."

गुंजी वाट बघत राहिली. मग म्हणाली, "सुरू केलंत का?"

रक्त तपासलं. कपड्यांखालून कार्ड निघालं. त्यावरच्या शेवटच्या तारखेकडे डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत होत्या. "बी-बाराचा अंगात थोडा साठा असतो," त्या म्हणाल्या. "तो संपून नसा झिजू लागेपर्यंत बाहेर काही दिसत नाही."

साठा म्हणजे काय, हे गोदामातल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही.

"पण वजन..." तो म्हणाला.

"वजन छान आहे तिचं."

आवाजात राग नव्हता, तरी थोबाडीत बसावी तसं ते त्याला लागलं.

"भरून येईल ना?" बायकोने विचारलं.

"हात सुधारतील. पाय वर्षभरात जेवढे सुधारतील तेवढेच."

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली; आधी रोज, मग आठवड्याने, मग महिन्याने. गुंजी आता रडत नसे. बाप खिडकीबाहेर बघे. जीभ बरी झाली, अक्षर सुधारलं. भिंतीवरचे आकडे त्याने ओल्या फडक्याने पुसून टाकले. बायको त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

इंजेक्शनच्या दिवशी सकाळी तो खिशातून गव्हाचा दाणा काढी. गुंजी पाय पसरून, डोळे मिटून बसे. तो दाणा तिच्या अंगठ्यावर ठेवी.

"कळला?"

"नाही."

"बरं, पुढच्या खेपेला."

अशा बऱ्याच खेपा झाल्या. वर्ष सरत आलं त्या सकाळीही तिने डोळे मिटले. तो वाकला, पण त्याचा हात वाटेतच थबकला. दाणा अजून चिमटीत होता.

"कळला," गुंजी म्हणाली. "आत्ता ठेवलात ना? कळला, बाबा."

दारात उभ्या असलेल्या बायकोने त्याची चिमूट पाहिली आणि ती आत निघून गेली.

त्याने दाणा मुठीत मिटला. "शाबास," तो म्हणाला. "चल, उशीर होतोय."

तिच्या चपलांना आईने मागून पट्टे शिवून घेतले होते. खाली बसून त्याने ते आवळले. जरा जास्तच आवळले गेले. गुंजी काहीच बोलली नाही. मग त्यानेच ते एकेक भोक सैल केले.