कुणाच्याच मोजणीत न बसलेली भाची

बाळंतपणाच्या वॉर्डातल्या भिंतीवरचा तो तक्ता माझ्याच हातचा. बाळंतपणानंतर किती बायांना जास्त रक्तस्राव झाला, याचा दर महिन्याला एक ठिपका. मधे सरासरीची रेघ, वर तांबडी रेघ. ठिपका तांबड्या रेघेच्या वर गेला की समजायचं, चूक कुणा एकीची न्हाय, आपल्या कामाच्या पद्धतीतच काहीतरी बिघडलंय, शोधा. आमच्या डॉक्टरसाहेबांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला लई आवडलं होतं. एरवी आमच्याकडं काही झालं की पहिलं बोट नर्सकडं.

आमचे ठिपके कायम खाली. जिल्ह्याची माणसं येऊन फोटो काढून जायची. आणि खाली का असायचे? तर बाईचं रक्त थांबेना की आम्ही तिला गाडीत घालून सोलापूरला धाडायचो. इथं रक्ताची पिशवी ठेवलीच कुठं होती? आणि गाडी फाटकाबाहेर पडली की ती बाई आमच्या मोजणीतून बाद. पहिल्यापासून असंच चालत आलेलं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं न्हाय. काय डोंबलाची मोजणी!

मग माझी भाची आली. धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक, परंड्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि "मावशी आहे की तिथं" म्हणून आमच्याच दवाखान्यात. मुलगी झाली. भाची हसून म्हणाली, "मावशी, नाक तुझं आलंय बघ." थोड्या वेळात चादर भिजली. होते नव्हते ते सगळे उपाय केले. द्यायला रक्त तेवढं न्हवतं. गाडीत मी तिचं पोट दाबून धरून बसले होते. तुळजापूर मागं पडलं तोवर तिचा हात गार पडला होता.

महिनाअखेरच्या बैठकीत साहेब म्हणाले, "या महिन्याचा ठिपकाही खालीच आहे."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, माझी भाची कुठंय यात?"

ते मान खाली घालून म्हणाले, "सिस्टर, ती सोलापूरच्या आकड्यात जाते."

मी तिथल्या तिथं सोलापूरला फोन लावला. तिथली सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "ताई, ती आमच्याकडं दाखलच झाली नाही. येतानाच संपली होती. आम्ही कशी धरणार?"

म्हणजे पोरगी कुणाचीच न्हाय! मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि भांडलेही.

साहेबांनी ऐकलं, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून धाडलेल्या प्रत्येक बाईची आम्ही फोन करून खबर घेतो आणि तिला आमच्यात मोजतो. मागचे महिनेही पुन्हा काढले. ठिपक्यांनी तांबडी रेघ केव्हाच ओलांडली होती, भाची यायच्या कितीतरी आधी. तो तक्ता जिल्ह्याच्या माणसांपुढं ठेवल्यावर रक्त साठवायची सोय मिळाली. पहिली बाई त्या रक्तावर वाचली तेव्हा वॉर्डात पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

परवा बहीण नातीला डोस द्यायला घेऊन आली. तक्त्यापुढं थांबली. म्हणाली, "आक्का, यात माझी कुठंय?"

मी त्या महिन्यावर बोट ठेवलं. त्या एका ठिपक्यात तिच्या लेकीबरोबर आणखी किती जणींच्या लेकी आहेत, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? तिनं नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि वाकून बघितलं.

"एवढीशीच, आक्का?"