प्याल काय ते पुसू नका

अंबारो गुलेदला साधं बोलताच येत नाही, असं बुराओच्या दूधबाजारात सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. शेळीने कुणाची ओढणी चावली की अंबारोची गाण्याची ओळ तयार. दुधाची गाडी उशिरा आली की गाडीवाल्याच्या मिशीवर दोन ओळी. लग्नात बायका ढोलावर फेर धरतात तिथे तर तिच्यावाचून पान हलत नाही. शाळा तिने पाहिली ती बाहेरून. सही विचाराल तर अंगठा. पण आजीने नवऱ्याला काय टोमणा मारला होता तोसुद्धा तिला ओळ न् ओळ पाठ.

आमच्या गाण्याचा कायदा मोठा कडक. एक अक्षर धरलं की ते प्रत्येक ओळीत वाजलंच पाहिजे. नाही वाजलं की ओळ लंगडी, आणि लंगडं गाणं दोन गावंसुद्धा चालत नाही, वाटेतच मरतं. दुसरा कायदा असा, की दुसऱ्याचं गाणं म्हणायचं तर आधी नावं सांगायची: कुणी रचलं, कुणावर रचलं. नाव गाळणं म्हणजे उंट चोरणं. तिसरं, ज्याच्यावर गाणं झालं त्याने त्याच अक्षरात उलट उत्तर द्यायचं. दिलं की फिटंफाट.

अंबारोच्या उजव्या हाताला शमिस वर्समे बसायची. एकवीस वर्षं, एकाच पत्र्याखाली. दोघींकडे माळरानातल्या ठरलेल्या घरांमधून उंटिणीचं दूध यायचं, ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे जायचं. शमिस विधवा, बोलायला कमी, दूध टिकावं म्हणून भांड्यांना धूर देण्यात पहिल्या नंबरची. तिच्या कॅनचं झाकण उघडलं की वास पलीकडच्या गल्लीत. आणि अंबारोच्या ओळीला बरोबरीचं उत्तर देणारी साऱ्या बाजारात ती एकटीच. रोज सकाळी गाडी यायच्या आधी अंबारोने एक ओळ टाकायची, शमिसने झाकण पुसता पुसता, मान वर न करता, उत्तर द्यायचं. "तुझी जीभ तुझ्या आईने कात्रीवर घासली होती का गं?" अंबारो विचारायची. "नाही, तुझ्या शेजारी बसून बसून गंजली," शमिस म्हणायची. मग दोघी चहा प्यायच्या. हा चहा म्हणजे अंबारोचा खरा दिवस. नवरा, मुलं, घर हे सगळं त्याच्या पुढचं मागचं.

त्या वर्षी कोरडा हंगाम लांबला. गाड्या अर्ध्या रिकाम्या यायला लागल्या. एका सकाळी शमिस उशिरा आली आणि न बोलता बसली. अंबारोला वाटलं, हिला जरा हसवावं. समोर चहावाली देका होती, दहाबारा गिऱ्हाइकं होती. अंबारोने टाळी वाजवली आणि एका दमात म्हणून टाकलं:

पाऊस नाही, पाणी नाही, पठार पडलं पांढरं,
पण शमिसच्या पिंपात पाहा, पाझर फुटला पांढरा!
पाणवठ्याला जाऊ नका, पोरींनो, पाय दमवू नका,
पेला घ्या, पैसे द्या, पण प्याल काय ते पुसू नका!

बाजार हसून हसून कोसळला. देकाने तर किटली खाली ठेवली आणि फोन काढला. "मावशी, परत! परत म्हणा, मी टिपून घेते!" अंबारोने परत म्हटलं, हातवारे करून म्हटलं. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच ते फार आवडलं होतं. असं गाणं वर्षातून एखादं येतं, आयतं, दूध उतू जावं तसं.

शमिसने कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि गाडीच्या वाटेकडे बघत राहिली.

"हरलीस की नाही?" अंबारोने कोपराने ढोसलं.

"हरले," शमिस म्हणाली.

आणि अंबारो खूश झाली! एकवीस वर्षांत शमिस पहिल्यांदा हरली म्हणून ती घरी जाऊन नवऱ्याला सांगत बसली. अक्कल गहाण टाकली होती बाईने, दुसरं काय.

दोन दिवसांत गाणं साऱ्या बुराओत फिरलं, चौथ्या दिवशी हर्गेसाला पोचलं, आठवड्याने देकाच्या बहिणीने अमेरिकेतून फोन करून तेच म्हणून दाखवलं. आणि माणसं प्रामाणिक हो, कायदा पाळणारी! प्रत्येक जण आधी नावं सांगायचा. हे अंबारो गुलेदचं, दूधवाल्या शमिस वर्समेवर. मग गाणं. शमिसची गिऱ्हाइकं आधी कॅनमध्ये डोकावायला लागली, मग बोटावर थेंब घेऊन बघायला लागली, मग यायचीच बंद झाली. दुपारी तिचं दूध तसंच परत जायचं.

अंबारो घरोघर गेली. "अहो, थट्टा होती! एकवीस वर्षं मी तिच्याशेजारी बसते, मला माहीत नाही का?" लोक हसायचे. "असू दे गं अंबारो, पण काय बोललीस! 'पाझर फुटला पांढरा'!" साध्या बोलण्याला गाण्यापुढे कोण विचारतो?

तेव्हा तिने ठरवलं, काट्याने काटा काढू. त्याच अक्षरात दुसरं गाणं रचू, शमिसच्या हातच्या दुधाचं कौतुक करणारं. चार दिवस ती त्यावर बसली. शेळ्या उपाशी, नवरा उपाशी. पोटातून रडू येत होतं, ते सगळं तिने त्यात घातलं. बाजारात उभं राहून म्हटलं. लोकांनी मान डोलावली, माशाल्ला म्हणाले. देकाने फोन वर धरला, खाली केला, आणि म्हणाली, "छान आहे मावशी. आता ते पहिलं म्हणा ना."

संध्याकाळपर्यंत नव्या गाण्यातली एक ओळ कुणाला आठवत नव्हती. अंबारोला कळत होतं का ते. गाणं चांगलं नव्हतंच. खरं होतं, मनापासून होतं, आणि कोरड्या भाकरीसारखं होतं. वाईट बोललेलं सोन्यासारखं निघालं आणि चांगलं बोलायला गेली तर माती.

शेवटी ती शमिसच्या घरी गेली. शमिस अंगणात रिकाम्या भांड्यांना धूर देत बसली होती, दूध नसताना.

"तू मला उत्तर दे," अंबारो म्हणाली. "प धर आणि झोड मला. पिशाच म्हण, पाजी म्हण, माझ्या दुधात शेळीच्या लेंड्या पडतात म्हण. मी स्वतः गावभर गाईन. तुझी जीभ काय कमी आहे होय?"

"खोट्याला उत्तर देता येतं अंबारो," शमिस म्हणाली. "खऱ्याला काय देऊ?"

अंबारोला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"दोन दिवस," शमिस म्हणाली. "दोनच. गाडी अर्धी आली होती. सलादोच्या घरी तान्ही जुळी, म्हातारा काहिन दुधाशिवाय काही गिळत नाही, कुणाला परत पाठवू? एक तांब्या पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी एक तांब्या. आणि तिसऱ्या दिवशी तू टाळी वाजवलीस. मला वाटलं तू पाहिलंस."

"मी नाही गं पाहिलं! अल्लाची शप्पथ! मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. नुसतं अक्षर आलं तोंडात…"

"आता कळतंय ते," शमिस म्हणाली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. अंबारो तिथे धुरात बसून रडली, आणि नवल म्हणजे शमिसच तिची पाठ थोपटत होती.

"उद्या दहाबोने सगळ्यांना बोलावलंय," अंबारो डोळे पुसत म्हणाली. दहाबो म्हणजे दूधवाल्या बायकांची म्हातारी, तिचा शब्द शेवटचा. "मी कुराणावर हात ठेवून सांगते, सगळं खोटं होतं म्हणून. एवढं केलं की बाजारातली तुझी जागा वाचेल."

"ठेवशील हात," शमिस म्हणाली, "आणि मरशील त्या दिवशी काय उत्तर देशील? माझ्या दोन तांब्यांपायी तू खोटी शपथ घ्यायची नाहीस. घेतलीस तर मी तिथेच उठून खरं सांगेन. मग तूही गेलीस नि मीही."

"मग काय करू?"

शमिसने भांडं उलटं केलं, आत वाकून वास घेतला. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली साठेक बायका जमल्या. दहाबो बाजेवर बसली होती. तिचंही शमिसवर प्रेम होतं, तिलाही हे मिटवायचंच होतं. तिने कुराण मागवलं, स्वच्छ फडक्यावर ठेवलं.

"अंबारो, पोरी, ये इकडे. लांबण लावू नकोस. हात ठेव आणि सांग की तुझ्या गाण्यात खरं काही नाही. माळावरची घरं ऐकायला माणूस पाठवून बसली आहेत. एवढं म्हण, आणि उठा सगळ्या."

अंबारो पुढे गेली. "ती थट्टा होती," ती म्हणाली. "आम्ही रोजच करतो. सगळ्यांना ठाऊक आहे."

"थट्टा होती हे कळलं गं. खोटं होतं का, तेवढं सांग."

अंबारोने शमिसकडे पाहिलं. शमिस भिंतीशी उभी होती, आणि तिने नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी. "खोटं होतं", एवढे दोनच शब्द म्हणायचे. अंबारोच्या तोंडात आयुष्यभर शब्द मावले नव्हते. शेळीवर, गाडीवर, मिशीवर, नवरीच्या सासूवर, कशावर म्हणून तिला शब्द कमी पडला नव्हता. ती तिथे उभी राहिली, हात फडक्यापासून वीतभर लांब, आणि तोंड उघडून मिटलं. पुन्हा उघडून मिटलं. साठ बायका श्वास धरून बघत होत्या.

"बोल की गं," दहाबो हळूच म्हणाली. विनवणीच होती ती.

अंबारोने हात मागे घेतला.

"तिला छळू नका," शमिस म्हणाली. तिने आपला कॅन उचलला, चहाच्या दोन पेल्यांपैकी आपला पेला उचलला आणि बायकांमधून वाट काढत निघाली. कुणी तिला अडवलं नाही. त्याच आठवड्यात ती परतीच्या दूधगाडीने भावाच्या वस्तीवर गेली. अंबारो गाडीपाशी गेली होती. शमिस वर चढून बसली आणि खाली वाकून म्हणाली, "पण गाणं फार चांगलं होतं, मेले. दुसऱ्या कुणावर केलं असतंस तर मीच गावभर म्हटलं असतं." दोघी हसल्या. मग गाडी निघाली.

पाऊस आला, माळ हिरवा झाला, दूध इतकं झालं की भांडी पुरेनात. शमिसच्या जागी एक तरुण बाई बसते. चांगली आहे बिचारी, पण तिच्याकडे ओळ टाकली की ती "काय म्हणालात?" म्हणते. अंबारो आता टाकत नाही. लग्नांची बोलावणी येतात, तिला जावंसं वाटत नाही. कुणी फार आग्रह केला तर जाते आणि जुनंच काहीतरी म्हणून येते. आणि रोज एक विचार तिच्या मनात येतो, की गाणी विसरतात लोक. हेही विसरतील. मग शमिसला परत बोलावता येईल.

परवा बर्बेराची एक लठ्ठ, हसरी बाई दूध घ्यायला आली. अंबारोला ओळखत नव्हती. पेला हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या बाजारावरचं गाणं आमच्याकडे फार म्हणतात. हे अंबारो गुलेदचं, दूधवाल्या शमिस वर्समेवर…" आणि म्हणायला लागली. पहिल्या तीन ओळी बरोबर म्हटल्या. चौथी तिने अशी म्हटली:

वाटी घ्या, दाम द्या, आत काय ते विचारू नका!

अंबारोचा दूध ओतणारा हात थांबला. लंगडी ओळ! अक्षरच नाही त्यात, एकदासुद्धा नाही. बर्बेराकडे असंच म्हणत असतील, तर तिथून पुढे असंच जाईल. आणखी दोन गावं, फार तर तीन, मग मेलंच गाणं. तिला हे सगळं लख्ख कळलं. गप्प बस, तिने स्वतःला सांगितलं. अंबारो, आईची आण आहे तुला, गप्प बस. तिने दात ओठावर दाबले. बाई आपल्या गाण्यावर खूश होऊन पुन्हा चौथी ओळ घोळवत होती, तशीच, लंगडी.

"पेला," अंबारो म्हणाली.

"काय?"

"पेला घ्या, पैसे द्या, पण प्याल काय ते पुसू नका. असं आहे ते."

"अय्या, हो की! आता कसं ठसक्यात वाजलं!" बाई म्हणाली. ती तिथेच उभी राहून दोनदा, तीनदा म्हणत राहिली, चांगली पाठ होईपर्यंत. चौथ्यांदा एक शब्द चुकला, तोही अंबारोने सांगितला.