तहानलेल्या धानासोबत रामटेक ते नागपूर

रामटेकला लोक देवदर्शनाला जातात. मी भर मे महिन्यात धानाच्या दोन कुंड्या आणायला गेलो, कारण माझ्या बायकोची, म्हणजे मीनलची, पीएच.डी. त्यांच्यावर अडली होती.

ती सांगते की ऊन तापलं, पाणी तुटलं की पानांच्या पेशींत ऑक्सिजनचे काही आगाऊ रेणू माजतात. मग काही प्रथिनांतले गंधकाचे अणू एकमेकांचे हात धरतात, प्रथिनाचा आकार बदलतो आणि रोपाची तग धरायची कामं सुरू होतात. पाणी मिळालं की हात सुटतात. तिला ते धरलेलेच पकडायचे होते. खऱ्या उन्हासाठी कुंड्या तिच्या माहेरच्या अंगणात होत्या, पण पानं गोठवायची सोय नागपूरच्या प्रयोगशाळेत. बाकीच्या कुंड्या सासूबाईंनी दया येऊन भिजवल्या होत्या. या दोन शेवटच्या.

निघताना मीनलने माझी पाण्याची बाटली काढून घेतली. "तुम्ही मायाळू आहा. रस्त्यात पाजून द्याल," ती म्हणाली. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा तेवढा ठेवू दिला.

नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावरून रामटेकची एसटी सहज मिळते. कामठी, कन्हान, मनसर असा रस्ता चांगला आहे. सकाळी जाताना आणि दुपारी येताना, दोन्ही वेळा डावी खिडकी धरा, सावली तिकडेच असते. बाटली जप्त होणार असेल तर सकाळी झणझणीत रश्शाचे तर्री पोहे खाऊ नका. मी खाल्ले होते.

परतीला कुंड्या मांडीवर घेऊन बसलो. पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. शेजारी एक आजी होत्या. त्यांनी कुंड्यांचं विचारलं, मी मनसर मागे पडेल एवढं लांब प्रथिनपुराण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ते समदं ठीक आहे गा," त्या म्हणाल्या. "पण त्याले तहान लागून राहिली न?"

त्यांनी आपल्या बाटलीचं झाकण उघडून ती कुंडीकडे नेली. मला मीनलचा चेहरा दिसला. मी बाटली हिसकावली आणि गटागटा पिऊन टाकली.

आजींनी कंडक्टरला हाक मारली. "पाहा, रोपाच्या तोंडचं पाणी पेला हा."

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. कन्हानला मागच्या सीटवरून रोपांसाठी दुसरी बाटली आली. तीही मला प्यावी लागली. खरं सांगतो, तर्रीमुळे फारसं जड गेलं नाही.

मीनल प्रयोगशाळेच्या दारातच उभी होती. पानं कोरडी बघून तिचा जीव भांड्यात पडला. तिने ती कापली आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकली. पांढरा धूर निघाला. मग, मला काही विचारायच्या आत, तिने मगभर पाणी आणून बुडख्यांवर ओतलं.

"सॉरी वं, मायांनो," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

आता त्या कुंड्या आमच्या गॅलरीत आहेत. बुडख्यांना नवे कोंब फुटलेत. मीनल घरी आली की आधी त्या दोघींना पाणी देते, मग मला विचारते. मी तिसरा, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.