आठवी छत्री

पनवेल स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत तुम्ही उभे राहिला असाल, तर तुमच्याही पाठीवर काकांची थाप पडली असेल. आधी ते पुढच्याच्या सॅकचे पट्टे ओढून बघायचे, चेन बघायचे, मग सणसणीत थाप. "ठीक हाय!" लोक दचकून खिसे चाचपायचे. एकाने तर पोलिसांना बोलावायची धमकी दिली होती. काका हसले. "इमानात आमी असंच करायचो, भाऊ."

काका छत्रीसैनिक होते. उडीआधी पुढच्याच्या पाठीवरची छत्री मागच्याने तपासायची आणि थाप द्यायची, ही त्यांची रीत. चित्रकलेचा हात म्हणून साहेबाने युद्धात दुहेरी काम दिलं होतं : उडीही मारायची आणि पाहिलेलं रंगवायचंही.

खांदा कॉलनीत माझं फ्रेमचं दुकान आहे. एकदा काका जुन्या चादरीत गुंडाळलेलं तैलचित्र घेऊन आले. पहाटेचं आकाश, सात छत्र्या फुगलेल्या. आठवी पिळलेल्या धोतरासारखी, आणि तिच्याखाली एवढासा माणूस.

"ह्यो माज्या फुडं व्हता," काका म्हणाले. "पाठ मी तपासली व्हती."

"छत्रीतच दोष असेल, काका."

"असंल. पन थाप माजी व्हती ना?"

बाकीची चित्रं पलटणीने ठेवून घेतली, हे एक परत दिलं. साहेब म्हणाला होता, खरं आहे, पण भिंतीवर लावता यायचं नाही. काकांनी ते पन्नासेक वर्षं कपाटामागे ठेवलं.

पुढचा शहाणपणा माझा. आमच्या रहिवासी मंडळाचं सभागृहात 'शौर्य दालन' निघालं होतं. मीच मागे लागलो, काका, द्या. ते तयार नव्हते. मग म्हणाले, "जसं हाय तसं लावायचं. कुनी बोट लावायचं नाय." मी शब्द दिला. फ्रेम करून चित्र मंडळाकडे पोचवलं.

उद्घाटनाच्या सकाळी टांगायला गेलो, तर आठवी छत्री उघडलेली! भगवी, पांढरी, हिरवी. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून मंडळाच्या अध्यक्षांनी ती रंगवून घेतली होती. मी त्यांना दारातच गाठलं.

"हे काय केलंत?"

"अहो, लहान मुलं बघणार. असलं अशुभ कशाला? उलट तुमचे काका खूश होतील."

कधी गच्चीवरून खाली वाकून न बघितलेला हा माणूस! मेलेल्याला ब्रशच्या चार फटकाऱ्यांत सुखरूप उतरवून मोकळा झाला. पण पाहुणे अर्ध्या तासात येणार होते. मी चित्र टांगलं. वाकडं दिसू नये म्हणून लेव्हलसुद्धा लावली. आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

काका इस्त्रीचा शर्ट घालून, पदकं लावून आले. चित्रासमोर उभे राहिले. हात वर गेला, रंगाला न लागताच थांबला.

"उघडली," ते म्हणाले.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. काका माझ्याकडे वळले. "साहेबानं लावलं नाय, पन हात बी नाय लावला. आता मी कुनाला काय सांगू? ह्यात तर समदे उतरले."

मी म्हटलं, "काका, खरवडून काढू."

"खालचा रंग बी निंगल." एवढं बोलून ते गेले. भाषणं पुढे तासभर चालली.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. रांगेत दिसायचे, हात पाठीमागे बांधलेले. पुढच्याच्या सॅकची चेन उघडी असली, तरी बघत राहायचे. एकदा मी मुद्दाम त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. रिक्षा येईपर्यंत पाठ ताठ ठेवली. थाप पडली नाही.

गेल्या महिन्यात काका गेले. अध्यक्ष मोठा हार घेऊन आले होते आणि दालनाविषयीच बोलत होते. आधी त्यांना हाताला धरून बाजूला केलं, तेही फार उशिरा सुचलं. मग तिरडीजवळ बसलो. सुतळीची एकेक गाठ ओढून बघितली. पायाकडची सैल होती, ती सोडून परत बांधली. सगळं तपासून झाल्यावर थापेसाठी हात उचलला.

ठीक आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.